धुवून घेण्याची पाळी

आमच्या मंडळीत पवित्र गुरुवारी एकमेकांचे पाय धुतात. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, बाकं समोरासमोर लावलेली. एकजण कमरेला पंचा गुंडाळून खाली बसते, समोरचीचे पाय घमेल्यात घेऊन धुते, पुसते आणि उठून तिला जवळ घेते. मग पंचा त्या दुसरीच्या हाती जातो, ती तिसरीपुढे बसते. ओळ संपली की सगळ्यांनी मिळून जेवायचं आणि शेवटी भाकर आणि प्याला. याला आम्ही प्रीतिभोजन म्हणतो.

जर्मनीत 1708 साली एडर नदीत बाप्तिस्मा घेऊन वेगळ्या झालेल्या ब्रदरन लोकांची ही चाल. ते पुढे अमेरिकेत गेले आणि 1894 साली विल्बर स्टोव्हर नावाच्या मिशनरीबरोबर ती आपल्याकडे आली. आधी बलसाड, मग डहाणू. छप्पनिया दुष्काळात माझे पणजोबा बलसाडच्या मिशनच्या अनाथाश्रमात वाढले, एवढीच आमच्या घराण्याची बखर. डहाणू रोडच्या ब्रदरन मिशन हॉस्पिटलात आमच्याकडच्या दोन पिढ्या जन्मल्या. 1970 साली मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली, उपासनेची रीत बरीच बदलली, पण गुरुवारचं घमेलं आमच्या जुन्या घरांनी काही सोडलं नाही.

लहानपणापासून मला धुणं आवडायचं. धुवून घेणं नको व्हायचं. गुदगुल्या होत, शिवाय टाचांच्या भेगांची लाज वाटे. येशू पाय धुवायला वाकला तेव्हा पेत्रानेही आधी नाहीच म्हटलं होतं. पाळकसाहेब दरवर्षी त्यावर बोलत आणि माझं लक्ष तेवढ्यापुरतं स्वयंपाकघरातल्या पातेल्यांकडे जाई.

2020 चा पवित्र गुरुवार करोनाच्या टाळेबंदीत, 9 एप्रिलला होता. चार दिवस आधी, झावळ्यांच्या रविवारी, आम्ही सकाळी मोबाईलभोवती बसून उपासना केली. रात्री नऊ वाजता पंतप्रधानांनी सांगितलेले दिवे लागले. शेजारची मावशी, जातीने मांगेली आणि धंद्याने मासळीवाली, दोन पणत्या आमच्या ओट्यावर ठेवून गेली. जाताना म्हणाली, "तुमच्यात नसतील म्हणून आणल्या." बुधवारी चैत्री पौर्णिमा. एरवी त्या दिवसापासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा भरते आणि चारोटीच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा राहत नाही. त्या वर्षी जत्रा रद्द झाली होती. आमचं प्रीतिभोजनही.

गुरुवारी मी अच्छाडच्या तपासणी नाक्यावर होते. मी तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, घर मात्र चिंचणीत. नवरा घरीच दागिन्यांचे डाय कोरतो. आमच्या किनाऱ्यावर हा धंदा पुष्कळ घरांत आहे, आणि झवेरी बाजार बंद पडल्यापासून त्याच्या छिन्न्या तेल लावून डब्यात होत्या. शिक्षकांना नाक्यावर ड्यूटी लागली तेव्हा तो म्हणाला, "निदान घरातल्या एकाला तरी काम आहे."

वाणगाव, चारोटी, मग महामार्ग. त्या रस्त्यावर गाड्यांऐवजी माणसं चालताना मी पहिल्यांदा पाहिली. मुंबई-वसईकडून निघालेली, राजस्थानला जायची. कोणी डुंगरपूर सांगे, कोणी बांसवाडा. मला काम होतं वहीत नाव, गाव, कुठून आले ते लिहिण्याचं. टेबल, छत्री, पाण्याची बादली, डोक्यावर ऊन. लोक टेबलापुढे उभे राहायचे आणि मला त्यांचे पाय दिसायचे. चपलेचा अंगठा तुटला म्हणून सुतळीने बांधलेला, टाचेला फोड येऊन फुटलेले, एका पोराच्या पायाला तर नुसती प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली. आज गुरुवार आहे हे मला नेमकं तेव्हाच आठवलं.

मी कोणाचे पाय धुतले नाहीत. हात लावायची परवानगी नव्हती आणि खरं सांगायचं तर हिंमतही नव्हती. बरोबरच्या गुरुजींना विचारून बादलीत बूचभर जंतुनाशक ओतलं, ती काठीने पुढे ढकलली आणि मग्गा ठेवला. लोक आपले आपण पाय धुवायचे. एका म्हाताऱ्याने पाय धुतले, मग तोच मग्गा घेऊन बायकोच्या पायांवर पाणी घातलं, आणि मी नाव विचारल्यावर आधी तिचं सांगितलं. दुसऱ्या दिवशीपासून गुरुजी घरून आणखी एक बादली आणू लागले. ते माळकरी. त्यांना मी प्रीतिभोजनाबद्दल काही सांगितलं नव्हतं.

आमची स्वतःची माणसं पलीकडच्या बाजूला अडकली होती, हे थोडं उशिरा कळलं. डहाणू-तलासरीचे शेकडो तरुण वेरावळ, पोरबंदर, ओख्याच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. ते बोटींनीच परत निघाले. उंबरगावजवळ नारगोळच्या बंदरापर्यंत आले, पण तिथे त्यांना उतरू देईनात. घर डोळ्यांसमोर, आणि पाय बोटीवर. माझ्या शाळेतून गेलेली पोरं त्यांत होती, चौथीपर्यंत शिकवलेल्या मुलाचा फोन येतो आणि तो विचारतो, "बाई, तुमी सायबाला सांगा ना." कोणत्या साहेबाला सांगणार? मी फोन चार्ज ठेवायला सांगायचे आणि त्याच्या आईला पाड्यावर निरोप पोहोचवायचे. पुढे बसने ती अच्छाडमार्गे आली, हातावर शिक्के घेऊन, आणि शाळांच्या इमारतींत विलगीकरणात राहिली. आपल्याच जुन्या वर्गात फळ्याखाली झोपल्याचं त्यांना फार हसू येत होतं.

पाड्यावरची गोष्ट आणखी अवघड होती. धुंदलवाडीच्या आसपास नोव्हेंबर 2018 पासून भूकंपाचे धक्के बसत होते. 2019 मध्ये सरकारी माणसांनीच सांगितलं होतं की घरात झोपू नका, आणि लोक अंगणात तंबू ठोकून राहत होते. आता भोंगा लावलेली गाडी सांगत फिरत होती की घराबाहेर पडू नका. एक आजी मला म्हणाली, "आधी ठरवा, घर पडून मरायचं की रोगाने." मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

पाड्यांनी बांबू आणि काटेरी झुडपं टाकून वाटा बंद केल्या होत्या. रात्री पोरं पळवणारे, किडनी काढणारे फिरतात अशी अफवा होती. 14 एप्रिलला सारणीजवळ मदत देऊन परतणाऱ्या डॉक्टरांवर हल्ला झाला आणि 16 तारखेच्या रात्री गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाकडून मारले गेले. त्या रात्रीबद्दल लिहिताना अजून हात जड होतो. सीआयडीने आरोपपत्रात मुळाशी अफवा असल्याचं सांगितलं. पण त्याआधीच मोबाईलवर मिशनरींची नावं फिरू लागली होती. मी चिंचणीत जन्मले, याच जिल्ह्यात नोकरी केली, आणि तरी त्या आठवड्यात बाजारातून जाताना गळ्यातली साखळी पदराखाली घेतली.

त्याच आठवड्यात मंडळीच्या चार-पाच घरांनी मिळून तांदूळ, डाळ, तेल, मीठ जमवलं होतं. ते वाटायचं कसं? ख्रिस्ती माणूस पिशवी घेऊन पाड्यावर गेला की काही डोळे पिशवीकडे बघतात, काही त्याच्या मनात काय असेल तिकडे. आमच्यातल्या तरुणांचं म्हणणं होतं की मंडळीचं नाव लावलंच पाहिजे, लपवायचं काय? त्यांचं चूक नव्हतं. पण डाव्या हाताला उजव्याचं कळू नये ही शिकवण आम्ही रविवारी ऐकतो ती गुरुवारी का विसरायची, असं पाळकसाहेबांनी विचारलं आणि वाद मिटला. पिशव्या आशा ताईंकडे दिल्या. कोणाला शिधापत्रिका नाही, कोण वीटभट्टीवरून अर्ध्या हंगामात परतलं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्या पिशव्या बांबूच्या आडकाठीपाशी ठेवून हाक मारून मागे सरत.

तलासरीत लाल बावटा आहे. गोदावरी परुळेकरांनी 1945 साली वारल्यांना उभं केलं ती ही भूमी. मिशन आहे, वनवासी कल्याण केंद्रही आहे. एरवी या तिघांचं एकमेकांशी काय आहे ते आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्या उन्हाळ्यात तिन्हीकडचा तांदूळ एकाच आडकाठीपाशी येऊन पडायचा आणि शिजल्यावर ओळखू येत नसे. हे कायम टिकलं असं मी म्हणणार नाही. टिकलं नाही.

इथवर मी धुणाऱ्यांच्या ओळीत होते.

2021 च्या पवित्र गुरुवारी, 1 एप्रिलला, पुन्हा प्रीतिभोजन झालं नाही. महिना संपता संपता मला ताप आला. तपासणीचा निकाल मोबाईलवर वाचला आणि मी तशीच जिना चढून माडीवर गेले. बोईसरच्या टिमा हॉस्पिटलात खाट मिळवायला लोक कसे धावत होते ते ऐकत होते. मला तशी गरज पडली नाही, बोटाला लावायचं यंत्र चौऱ्याण्णवच्या खाली उतरलं नाही. नवरा खालून ओरडून म्हणाला, "प्रभुभोजनसुद्धा माडीवरच झालं होतं, वाईट वाटून घेऊ नको." त्याला स्वतःला दुसऱ्या दिवशी ताप. मुलगा पुण्यात. चूल पेटवणारं घरात कोणी उरलं नाही.

मावशी न विचारता डबा आणू लागली. सकाळी भाकरी, दुपारी भात आणि आंबट, रात्री पुन्हा भाकरी आणि सुके बोंबील. डबा जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवायची, कडी वाजवायची आणि अंगणात उभी राहून मी तो उचलते की नाही ते बघायची. मी वरून सांगितलं, "मावशी, रोज नको, आम्ही बिस्किटं खाऊ, तुमचा धंदाही बसलाय." ती म्हणाली, "बाई, तुझी बिस्किटं तू पोरांना दे. डबा उचल."

मला ते सोसत नव्हतं. एका वर्षापूर्वी मी शेकडो लोकांची नावं वहीत लिहिली, पिशव्या बांधल्या, आणि माझ्या मनात कुठेतरी त्याचा हिशोब बसला होता. तो हिशोब देणाऱ्याच्या बाजूचा होता. आता माझ्या जिभेला चव नव्हती, नाकाला वास नव्हता, चिंचणीत राहून बोंबलाचा वास येत नाही म्हणजे काय ते बाहेरच्याला कळणार नाही. आणि मी दुसऱ्याच्या चुलीवरचं खात होते, तेही तिच्या दोन पोरांच्या वाट्यातलं. प्रार्थनेत मी देवाकडे ताकद मागायचे ती बरं होण्यासाठी नव्हतीच फारशी. लवकर उठून हे सगळं फेडता यावं म्हणून होती. पेत्राला नेमकं काय नको होतं ते मला माडीवर समजलं. त्याला गुरूची दया आली नव्हती. त्याला कर्जात राहायचं नव्हतं.

त्यात आणखी एक अडचण. आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. निदान चार चिकू, मूठभर साखर तरी घालतात. पण करोनाच्या घरातलं कोण खाणार? म्हणून डबे घासून, उन्हात ठेवून मी माडीवर रचत गेले. मावशी रोज नवं भांडं आणायची. तिच्या घरातली संपली तेव्हा तिने जावेचं आणलं.

1 मेपासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्यांना लस खुली झाली, पण आधी कोविनवर नोंदणी करून वेळ मिळवायची. मावशीचा धाकटा बोईसरला कंत्राटी कामाला. लस घेतल्याशिवाय फाटकातून आत घेत नव्हते. मोबाईल बटणांचा. मी वरून म्हटलं, "त्याचा नंबर सांगा, मी करते." मग मी माडीवर माझ्या फोनवर नंबर घालायचे, अंगणात त्याच्या फोनवर ओटीपी यायचा आणि मावशी तो माशाचा भाव ओरडावा तसा ओरडून सांगायची. अख्खी आळी ऐकायची. दोन दिवसांत अंगणात आणखी पोरं, आधार कार्ड हातात, अंतर ठेवून उभी. तापाची ग्लानी होती तरी संध्याकाळी यादी उघडायची वेळ मी चुकवली नाही. वेळा मात्र उघडताच लाल व्हायच्या. मुंबईतले लोक गाव-खेड्यांतल्या केंद्रांवरच्या वेळा घेऊन गाडीने लस टोचून घ्यायला येत होते. त्यांच्यावर रागवावं तर त्यांच्याही घरी म्हातारी माणसं असतील. न रागवावं तर माझ्या अंगणातली पोरं तशीच उभी. मी रागावले. धाकट्याला वेळ मिळाली ती पाचव्या-सहाव्या संध्याकाळी, आणि मावशीने आनंदाने जो आवाज काढला त्याने समोरच्यांचा कुत्रा भुंकायला लागला.

बोंबलाचा वास परत आला तेव्हा मी खाली उतरले होते. पाठोपाठ 17 मेला तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं, वीज गेली, मावशीच्या छपराचे पत्रे उडाले. माझा नवरा नुकताच उठलेला, तरी हातोडी घेऊन चढला. मी खाली उभी राहून शिडी धरली. नंतर एका संध्याकाळी दोघांनी मिळून सगळे डबे मावशीकडे नेले. वादळात गळलेले चिकू पिकायला ठेवले होते ते काहींत, थोडा गूळ काहींत, जे घरात होतं ते.

मावशीने डबे मोजले. "एवढे दिवस ठेवून घेतलेस, मला वाटलं तुझ्या देवाला वाहिलेस." चिकू तिने सुपात ओतले, डबे जावेचे वेगळे काढले आणि त्यांतला एक पुन्हा माझ्या हातात दिला, आत तळलेली मांदेली होती. म्हटलं, आता कशाला? तिने उत्तर दिलं नाही. धाकट्याचा फोन पदराला पुसून माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "दुसऱ्या डोसला बारा आठवडे थांबा म्हणतात. तू बघ खरं काय ते, आणि त्याच्या बापाचंही नाव घाल."