माळावरच्या तित्तरांस, सप्रेम नमस्कार

श्री. राखी तित्तर व परिवार,
बांधावरची बाभळ, देवठाणच्या अंगाचा माळ,
ता. अकोले.

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या ठिपकी कुत्रीला परवा सकाळी आपला वास लागला आणि ती जागची हलली नाही. आपण बोरीच्या जाळीखाली दबून होतात. गवतावर दव होतं आणि वारं आपल्याकडून आमच्याकडे येत होतं. चालता चालता ती खिळली. मान लांब, शेपटी ताठ, पुढचा डावा पाय अर्धवट उचललेला. वरचा ओठ थरथरत होता, बरगड्यांवरून शिरशिरी जात होती, पण उरलेले तीन पाय जमिनीवर घट्ट. मी मागून सावकाश गेलो, तिच्या छातीखाली हात घातला, पट्टा धरला आणि तिला वळवून घरी आणलं. आम्ही आल्याचं आपल्याला कळलं असणारच. तरी आपल्याला उडावं लागलं नाही. आमच्या घरात या मार्गशीर्षातली सगळ्यात मोठी बातमी हीच आहे.

आपल्याला कोडं पडलं असेल, की बंदूक नाही, जाळं नाही, फासा नाही, मग हा माणूस कुत्री घेऊन माळावर येतो तरी कशाला? इतक्या वर्षांच्या शेजाऱ्याला खुलासा करणं माझं कर्तव्य आहे. ठिपकी पॉइंटर जातीची. पक्ष्याचा वास आला की थांबायचं, हे तिच्या रक्तात आहे. पण थांबणं रक्तात असलं तरी थांबून राहणं शिकवावं लागतं. पहिले काही क्षण ती आपोआप उभी राहते, मग आतून झेपेची ओढ उठते. त्या ओढीला धरून ठेवणं हीच सगळी विद्या.

ही विद्या इकडची नाही. विलायतेत बंदूक रुळण्याआधी सेटर कुत्री पक्ष्यांसमोर दबून बसायची आणि माणसं पक्ष्यांवरून जाळं ओढायची, कधी कुत्र्यासकट. पुढे बंदूक आली. १८६५ मध्ये इंग्लंडात साउथहिल इथे पॉइंटर आणि सेटर कुत्र्यांची मैदानी परीक्षा झाली. पक्षी उडाला, बार झाला, पक्षी खाली पडला, तरी हुकमाशिवाय कुत्र्यानं पाऊल टाकायचं नाही, हा तिकडच्या परीक्षांमधला मोठा कस. आपल्याकडची रीत वेगळी. आमचा कारवानी किंवा मुधोळचा कुत्रा डोळ्यानं शिकार हेरतो आणि पायानं गाठतो. त्याचं कौतुक पळण्याचं. उभ्या राहणाऱ्या कुत्र्याला आमच्या गावात अजूनही लोक विचारतात, आजारी आहे का हो?

आपल्या पिढ्यांना आमच्या घराची जुनी ओळख आहे आणि ती फारशी चांगली नाही, हे मी जाणतो. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. बाजरी निघाली की ते संध्याकाळी बांधाला बसत आणि येताना आपल्यापैकी कुणाला तरी पिशवीत घेऊन येत. त्या काळी त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. चुलीवर कालवण शिजायचं आणि आम्ही पोरं पंखांची पिसं वेचत बसायचो. त्या राखी पिसांवरच्या बारीक आडव्या रेघा मी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिल्या. पुढे आजोबांनी बंदूक जमा केली आणि ते नुसते बांधाला बसू लागले. आपली हाक आली की म्हणायचे, "आहेत अजून." त्या दोन शब्दांत त्यांना किती बरं वाटायचं, ते मला आता समजतं.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मी मुद्दाम वाचून काढला. शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पकडणं, फासा लावणं, कुत्रं मागे घालणं, हाकून काढणं, पक्ष्यांची अंडी आणि घरटी विस्कटणं, हे सगळं त्या व्याख्येत येतं. म्हणून शिकवणी आपल्यावर घ्यायची नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत तर कुत्री घेऊन जायचा प्रश्नच नाही. आमचा अभ्यास झाला तो घरामागच्या पडीक रानात, पाळीव कबुतरांवर.

सुरुवात भाकरीपासून झाली. तुकडा समोर ठेवायचा आणि "होऽ" म्हणायचं. बैल थांबवायला आम्ही जो हुंकार देतो, तोच. ती उभी राहिली की मगच तुकडा. मग तेच चालताना, तेच पळताना, बैलाचा लांब कासरा पट्ट्याला बांधून. त्यानंतर कबुतरं. गवतात टोपली पालथी घालायची, खाली कबूतर, टोपलीला सुतळी आणि सुतळीचं टोक आळीतल्या एका पोराच्या हातात. ठिपकी वासावर उभी राहिली, तर सगळं शांत. तिनं एक पाऊल पुढे टाकलं की पोरगा सुतळी ओढायचा, टोपली उलटायची आणि कबूतर फडफडत आपल्या खुराड्याकडे. पुढे सरकलं की पक्षी जातो, उभं राहिलं की पक्षी राहतो. हे मी तिला कधीच शिकवू शकलो नसतो, ते पक्ष्यानंच शिकवलं. त्या कबुतरांचे आभार मी आपल्याकडेच पोचते करतो, कारण त्यांनी हे काम आपल्या वतीनं केलं.

या शिकवणीत मारझोड चालत नाही. पक्ष्यापाशी फटका खाल्लेलं कुत्रं पुढे वास आला तरी नाक फिरवून निघून जातं. त्याला पक्ष्याचीच भीती बसते, आणि ते कुत्रं कायमचं वाया जातं. लक्ष ठेवावं लागतं ते अंगावर. झेप घेण्याआधी ठिपकीचे खांदे किंचित खाली येतात आणि मागच्या पंजांची नखं मातीत शिरतात. "होऽ" म्हणायचं ते त्या क्षणाच्या आधी. नंतर म्हटलेलं वाऱ्यावर जातं.

आता तक्रार. रागावू नका, पण आपण फार पळता. आपले शेजारी लावे बघा. थवा गोल करून दबून बसतो, पाय पडायची वेळ आली की फुर्रकन चहूकडे फुटतो. काळजात धस्स होतं, पण कुत्र्याला निदान कळतं की पक्षी होता तो गेला. आपण पंख असून मान खाली घालता आणि बांधाच्या कडेनं पायीच निघता. वास हळूहळू पुढे सरकतो आणि मागची बिचारी कुत्री गोंधळते, आपणही सरकावं की काय? चांगल्या चांगल्या कुत्र्यांची शिस्त मोडते ती उडणाऱ्या पक्ष्यापेक्षा चालणाऱ्या पक्ष्यापायी. ठिपकीला आता समजलं आहे, की वास सरकला तरी आपण सरकायचं नाही. तरी आपण थोडा विचार करावा.

थांबण्याचा आग्रह माझा नुसता आपल्यापायी नाही, तिच्यापायीही आहे. आमच्या प्रवरेकाठच्या उसात बिबटे राहतात, हे आपल्याला आमच्याआधी कळतं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या या खोऱ्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. बिबट्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला. एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. पक्ष्यामागे धावत सुटलेलं कुत्रं संध्याकाळी उसाच्या कडेला पोचतं आणि परत येत नाही, असं आमच्याकडे पुष्कळ घरांत झालं आहे. हाकेसरशी थांबणारं कुत्रं इथे जगतं. ज्या हुंकारानं आपलं घरटं वाचतं, त्याच हुंकारानं माझी ठिपकी वाचते. म्हणून मला ही शिकवणी शिकारीच्या विद्येपेक्षा शेजारधर्माची वाटते.

आता विनंती. आपली वीण मुख्यतः चैत्रापासून भाद्रपदापर्यंत. त्या महिन्यांत आम्ही माळाकडे फिरकणार नाही, हा माझा शब्द. आपणही घरटं वाटेपासून जरा आत, दाट गवतात करावं. उघड्या बांधावर झुडपाखाली जमीन उकरून अंडी घालता, त्याची मला फार काळजी वाटते. मोकाट कुत्री, गुराख्यांची कुत्री आणि वाळलं गवत पेटवून देणारे हात, सगळे त्याच वाटेनं जातात. आणि पहाटेची हाक मात्र सोडू नका. भल्या पहाटे आपण बाभळीवरून ओरडता, पांघरूण ओढावं लागतं हे खरं, पण ज्या पहाटे हाक येत नाही त्या पहाटे मी उठून दाराशी जातो.

हे पत्र उघडं ठेवतो, कारण आपल्याबरोबर ते अकोल्यातल्या कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकानं वाचावं. बाबांनो, पॉइंटर लागत नाही, गावठी कुत्रंही शिकतं. त्याला दोन गोष्टी शिकवा: हाक मारली की मागे फिरणं आणि "होऽ" म्हटलं की उभं राहणं. एक कासरा, थोडी भाकरी आणि पुष्कळ धीर, एवढ्यात होतं. तेवढंही जमत नसेल, तर विणीच्या दिवसांत त्याला माळावर मोकळं सोडू नका.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला शेजारी,
ठिपकीचा धनी
अकोले