सेव्ह होत नाही

गेल्या रविवारी काकाकडे गेलो होतो. दीड तासात त्याने मला सात वेळा विचारलं, "काय रे, हल्ली कुठल्या कंपनीत?" पहिल्या तीन-चार वेळा नीट उत्तर दिलं. सातव्या वेळी मात्र वसकन ओरडलो, "अरे काका, आत्ताच सांगितलं ना!" काका एकदम गप्प झाला. मी मनात म्हटलं, जाऊ दे, पाच मिनिटांत विसरेल.

दोन वर्षांपूर्वी त्याला मेंदूज्वर झाला. १९८३ च्या फायनलमध्ये श्रीकांतने ३८ काढले हे त्याला आजही पाठ आहे, पण सकाळी काय खाल्लं ते विचारू नका. आमच्या भाषेत सांगायचं तर जुनी हार्ड डिस्क शाबूत, रॅमही बरी, फक्त 'सेव्ह' चालत नाही.

घरी आलो, झोप येईना, म्हणून वाचत बसलो. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसनची गोष्ट सापडली. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंनी हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढून टाकला. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. (म्हणजे माझ्याएवढाच!) फिट्स कमी झाल्या, पण नवीन आठवणी साठेनात. २००८ मध्ये, ८२ व्या वर्षी तो गेला, तोपर्यंत हे असंच.

ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. दुसऱ्या दिवशी त्याला हे आपण आधी केलंय हेच आठवेना. पण हात मात्र दिवसेंदिवस सफाईने चालायला लागला! म्हणजे डोकं विसरलं तरी हात विसरला नव्हता. आठवण ही एकच एक गोष्ट नाही, हे तिथे कळलं.

आणि मग ते वाचलं. २०१० मध्ये आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या पाच जणांना दुःखी प्रसंग असलेल्या फिल्म दाखवल्या. थोड्या वेळाने त्यांना फिल्ममधलं फारसं काही आठवेना, पण वाईट वाटणं तसंच राहिलं होतं. कशाचं वाईट वाटतंय हेच माहीत नाही, नुसतं वाईट वाटतंय.

माझ्या पोटात गोळाच आला. सकाळी काकूला फोन केला. "मी गेल्यावर काका कसा होता गं?"

"गप्पगप्प होता रे थोडा वेळ. काय झालं विचारलं, तर म्हणाला, काही नाही, उगाच कसंतरी वाटतंय."

'विसरेल' म्हणून मी स्वतःला जी सूट दिली होती, ती तिथेच संपली.

उद्या परत जातोय. आठव्यांदा विचारलं तरी पहिल्यांदा सांगितल्यासारखंच सांगायचं ठरवलंय. त्याच्यासाठी ती पहिलीच वेळ असते ना! जमेल का? बघू.