तुराट्यांची गंज

संक्रांतीच्या आगेमागे आमच्या लोहारा भागात तुरी काढून होतात. बडवून झालं की दाणे घरात, भुसकट शेळ्यांपुढे आणि तुराट्या परसात. गंज केवढी रचली गेली यावरून आई वर्षाचा अंदाज बांधायची: जळण पावसाळा काढतंय की नाही.

तुराटीचा जाळ कडक, पण टिकत नाही. तव्यावरची भाकरी उतरवून जाळाला उभी करताना मात्र तोच लागतो. पापुद्रा टम्म फुगेपर्यंत अर्धी तुराटी राख झालेली असते. दुधाखाली शेणी, नुसती धुमसणारी. वरणाला बाभळीचं लाकूड. मला चुलीपुढं बसवून ती एवढंच सांगायची, "जाळ सार, पण चूल कोंबू नको." कोंबली की धूर, आणि धुरानं तिचे डोळे तसेही बारा महिने लालच असायचे.

शेणी जाळणं म्हणजे शेताचं खत जाळणं, हे शाळेत ऐकून मी घरी मोठ्या रुबाबात सांगितलं. आई म्हणाली, "मास्तरला म्हणावं, एक भाकर खतावर भाजून दाखीव."

१९९३ साली अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून गाव झोपलं आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं असताना, जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. त्यांना मारलं भिंतींनी. दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या त्या भिंती, वर माळवदाची जाडजूड माती. उन्हाळ्यात याच घरांच्या गारव्याचं आम्हाला कौतुक. आमचंही माळवद खाली बसलं. आम्ही त्या रात्री गोठ्यालगतच्या कुडात निजलो होतो. कूड तुराट्यांचा, शेणमातीनं लिंपलेला. तो करकरला, पोपडे अंगावर पडले, बस्स. पुढे कितीतरी महिने आज्जी पक्क्या छताखाली झोपायला तयार नव्हती.

पुनर्वसनाच्या घरात ओटा मिळाला, परस गेलं. आईनं गंज रस्त्याच्या कडेला रचली. पुढे माझी नोकरी लागल्यावर गॅस आला. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेत शेजारपाजारीही टाक्या आल्या. पहिली टाकी हळदकुंकू लावून घरात घेतली. दुसरी भरायच्या वेळी पैशांचा विचार सुरू झाला. १४.२ किलोची ती टाकी आईनं चहापुरती ठेवली. भाकरी चुलीवर, अंघोळीचं पाणीही चुलीवर. मी चिडायचो. आता वाटतं, तिचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का होता. डोळ्यांचा खर्च तेवढा तिनं कधी त्यात धरला नाही.

आता मळणीयंत्र आलंय. मजुरी देऊन तुराट्या घरी आणणं परवडत नाही, म्हणून बरेचजण बांधावरच पेटवून देतात. वाशी-भूमकडे माळावर पवनचक्क्या फिरतात, शिवारात सौरपंप दिसतात.

माझ्या धाराशिवच्या घरावरही पाणी तापवायला सौर बंब आहे. गेल्या श्रावणात आई राहायला आली आणि तीन दिवस आभाळ उघडलंच नाही. चौथ्या दिवशी सकाळी नळाखाली हात धरून ती बराच वेळ उभी राहिली.

"ह्येचंबी जळण भिजलंय म्हण की," म्हणाली, आणि गार पाण्यानंच अंघोळ करून आली.