सीतापूरचा किनारा

रांजणगावच्या माणसाला पाणी मोजण्याची सवय असते. महागणपतीचे हे गाव पर्जन्यछायेतले. वर्षाचा पाऊस सरासरी 500 मिलिमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात विहिरीला किती परस पाणी उरले, यावरच घरातले बोलणे चालते. हीच नजर घेऊन मी अंदमानातील शहीद द्वीपावर गेलो. पूर्वी ‘नील’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चिमुकल्या बेटाच्या सीतापूर किनाऱ्यावर तुम्ही पहाटे उभे राहिलात, तर पायांखाली पांढरी वाळू, पाठीशी दाट झाडी आणि समोर पूर्वेकडून उजळत येणारा समुद्र, एवढेच तुम्हाला दिसेल. ओहोटीला प्रवाळांचे खडक उघडे पडतात आणि लाटांचा आवाजही दूर जातो.

त्या निवांतपणात माझ्या मनात आधी हिशेबच आला: एवढे पाणी, पण ओंजळभरही पिण्याजोगे नाही! अंदमानात पाऊस आपल्या सहापट, सुमारे 3,000 मिलिमीटर पडतो. पण लहान बेटावरचे पाणी समुद्राकडे लवकर वाहून जाते. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून विस्थापित झालेल्या कुटुंबांनी येथे जंगल हटवून भात आणि भाजीपाला पिकवला. कोरड्या महिन्यांत त्यांनाही गोडे पाणी जपावे लागते, आभाळाकडे पाहावे लागते.

झाडीमागे कुणी पावसाची वाट पाहत आहे, हे जाणवल्यावर किनाऱ्याची शांतता निराळी भासते. ते वाट पाहणे तुम्हाआम्हाला दुभाष्याविना समजते.