पाचगणी : आलेल्यांच्या हातची चव

वाईहून पसरणीचा घाट चढला की पाचगणी लागते. शाहीर साबळे यांचे पसरणी गाव याच घाटाच्या पायथ्याशी. आपल्या सहली वर पोहोचतात, टेबललँड पाहतात, मुलांना घोड्यावर बसवून फोटो काढतात, स्ट्रॉबेरी-क्रीमचा एक ग्लास चौघांत वाटून घेतात आणि महाबळेश्वरची गाडी पकडतात. बाजारपेठेत आणि तिच्या खालच्या गावठाणात फारसे कोणी फिरत नाही. पाचगणी वसली कशी, हे मात्र तिथेच कळते आणि तिथे फिरायला तिकीटही लागत नाही.

दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि ताईघाट या पाच गावांच्या मधला हा डोंगरमाथा. महाबळेश्वरला पावसाळ्यात टिकाव लागत नाही, म्हणून इंग्रजांना बारमाही राहण्याजोगी थंड जागा हवी होती. १८६० च्या दशकात ती वसवण्याचे काम जॉन चेसन या इंग्रजाने केले. त्याने सिल्व्हर ओकची झाडे लावली, बंगल्यांना जागा नेमून दिल्या. पण साहेबाचे कपडे कोण धुणार? मटण कोण कापणार? भाजी कोण आणणार? म्हणून शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले, बांधकामाचे ठेकेदार यांना बोलावून बाजाराच्या खालच्या अंगाला जागा देण्यात आली. तेच हे गावठाण. चेसनची कबर सेंट पीटर्स चर्चच्या दफनभूमीत आहे. त्या धोब्या-शिंप्यांची नावे कोणत्या दगडावर वाचायला मिळत नाहीत.

पुढे माणसे येतच राहिली. इंग्रजांच्या मागोमाग पारशी आले, मुसलमान, ख्रिस्ती, गुजराती आले. निवासी शाळा निघाल्या. झांझीबारहून आलेला फारुख बुलसारा इथल्याच सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगभर गाजला. १९१२ साली डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम काढले. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती, दूध, अंडी हाच उपचार. गिरणीतल्या कामगाराला हाच आजार व्हायचा, पण अशा हवापालटाचा खर्च त्याच्या पगारात कुठला बसायला!

इतकी माणसे एका डोंगरावर आली, म्हणजे त्यांची चूलही आली. पारशांच्या घरी कांदा, मिरची, कोथिंबीर घालून अंड्यांची अकुरी होते, धानसाक होते. शेजारी कोणाकडे खिमा, कोणाकडे ढोकळा. मूळ डोंगरातल्या माणसाचे जेवण मात्र नाचणीची भाकरी, वरीचा भात आणि ठेचा. शाळांच्या आणि बंगल्यांच्या स्वयंपाकघरात राबायला आसपासच्या गावांतली माणसे गेली. ती साहेबाचा पाव-मस्का वाढून घरी परतत, तेव्हा त्यांच्या ताटात नाचणीच असे.

आपल्या ताटातल्या बटाट्याचीही इथे एक गोष्ट आहे. महाबळेश्वरला इंग्रजांनी चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग ठेवला होता. तो १८६४ साली बंद झाला. बटाटे आणि विलायती भाज्या लावण्याचे, टोपल्या आणि वेताच्या खुर्च्या विणण्याचे काम ते कैदी करत, आणि त्यांच्याकडून ते इथल्या लोकांनी उचलले, अशी नोंद सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. हजारो मैलांवरून बेड्या घालून आणलेली माणसे इथल्या मातीला असे काही देऊन गेली. स्ट्रॉबेरीही परदेशातूनच आली. २०१० साली तिला 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी' म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे बाहेरून आलेले रोप आता कायद्यानेही इथलेच ठरले आहे.

पण सगळे एका बाजारात आले म्हणून एका पंगतीला बसले, असे कोणी समजू नये. याच सातारा जिल्ह्यात १९०१ च्या सुमारास बाल भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली होती. मसूर स्टेशनवर उतरून त्यांनी बैलगाडी केली. बरोबर जेवणाचा डबा भरलेला होता. वाटेत पाणी मात्र कोणी दिले नाही, म्हणून ती मुले भरल्या डब्याशेजारी उपाशी झोपली. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. पुढे त्यांनी घडवलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे आणि विहिरी यांची नावे घेऊन तिथली मनाई उठवली गेली. आपल्या बापजाद्यांचा घास कुठे अडला होता, ते या यादीवरून कळते. आज बाजारातल्या चहाच्या बाकड्यावर घोडेवाला, शाळेचा शिपाई, पारशी म्हातारा आणि आपली सहल शेजारी शेजारी बसतात, तेव्हा हे कलम डोळ्यांपुढे येते.

म्हणून पाचगणीला जाल तेव्हा दोन तास बाजारासाठी राखा. नोव्हेंबर ते मार्च हा स्ट्रॉबेरीचा हंगाम. दुकानातल्या शोभेच्या ग्लासापेक्षा रस्त्याकडेला पाटी घेऊन बसलेल्या बाईकडून फळ घ्या. लाल मुळे आणि गाजरेही मिळतील. तिला गाव विचारा, लावणीला-तोडणीला मजुरी काय मिळते तेही विचारा. घरून बांधलेली भाकरी मुलांबरोबर उघड्यावर बसून खा. पाणी प्या. त्या डब्याची गोष्ट मुलांना तिथेच सांगा.