सातकल्ली

कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे ॲक्वेरियमचा एक शार्क कॅमेरा आहे. दिवसभर चालू असतो, म्हणजे त्यांच्या दिवसभर. शनिवारी रात्री जेवणं उरकली की मी तो लॅपटॉपवर लावून बसतो. घडत काहीच नाही. अंगावर ठिपके-पट्टे असलेला लेपर्ड शार्क येतो, जातो. मग मागच्या अंधुक निळ्यातून सेवनगिल येते. मी तिला सातकल्ली म्हणतो. बहुतेक शार्कना दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या पाच-पाच फटी असतात, हिला सात-सात. शेपटीचा एक झोका आणि मग नुसतं घसरत जाणं. मी दरवेळी फटी मोजायला घेतो, पाचापर्यंत पोचेतो बाई फ्रेमबाहेर!

आई मालवणची. एकदा चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "मोरीच मां ही? सागुती बरी होतली." असो.

सिनेमातला तो पांढरा शार्क मात्र इथे दिसत नाही. प्रयत्न झाला होता. 2004 मध्ये मच्छीमाराच्या जाळ्यात चुकून आलेलं एक मादी पिल्लू त्यांनी दुसऱ्या, दहा लाख गॅलनच्या (सुमारे 38 लाख लिटर) टाकीत ठेवलं. त्याआधी जगात कुठेच पांढरा शार्क टाकीत महिनाभरही टिकला नव्हता. ही 198 दिवस राहिली. बघायला तोबा गर्दी. मग तिनं टाकीतल्या दोन सूपफिन शार्कना चावे घेतले, ते मेले, आणि मार्च 2005 मध्ये तिला टॅग लावून समुद्रात सोडलं. 2011 पर्यंत अशी एकूण सहा पिल्लं ठेवली. सहावं सोडल्यावर थोड्याच वेळात मेलं. त्यानंतर हा उद्योग बंद.

म्हणजे कॅमेऱ्यासमोर येतात ते टाकी सोसणारेच. आमच्या धंद्यात लॉगमध्ये फक्त यशस्वी रिक्वेस्ट ठेवल्या तर सर्व्हर कायम ठणठणीतच दिसेल, तसं आहे हे. त्यामुळे "किती निवांत फिरतायत ना!" असं कोणी म्हटलं की मला मान डोलवायला जड जातं. सातकल्ली खरंच निवांत असेलही. पण तिच्या चालीवरून ते मला कसं कळणार? आणि तरी बघतोच की मी, दर शनिवारी.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. टाक्यांमध्ये पाणी थेट समोरच्या उपसागरातून येतं. दिवसा ते गाळून घेतात, लोकांना काचेतून स्वच्छ दिसावं म्हणून. रात्री सगळे घरी गेले की न गाळलेलं, गढूळ पाणी आत सोडतात. त्यातून प्लवक, अळ्या, बारीकसारीक जीव येतात, काही तिथेच खडकांना चिकटून वाढतात.

थेट चित्र तेव्हा बंद असतं. मला खरं तर तेच बघायचंय. काही दिसलं नाही तरी चालेल.