रत्नागिरीत बर्फ!

दोस्तांनो, रत्नागिरीत बर्फ कुठे मिळेल? "मिरकरवाड्याच्या बंदरात, मासळीच्या टोपल्यांत!" असं तुम्ही पटकन म्हणाल. बरोबर! पण आज आपण कागदावरचा बर्फ शोधणार आहोत. जलरंगांची पेटी, दोन ब्रश आणि पाण्याची बाटली घ्या. आईबाबांनाही बरोबर घ्या.

स्वीडनमध्ये लार्स लेरिन नावाचे चित्रकार आहेत. जन्म १९५४ चा. थंडीतली गावं, बर्फाखालची घरं, गोठलेली शेतं ते जलरंगात रंगवतात. कार्लस्टाड गावात २०१२ पासून त्यांच्या चित्रांचं खास संग्रहालय आहे. काही वर्षं ते नॉर्वेच्या लोफोतेन बेटांवर राहत होते. तिथे डिसेंबरच्या सुमारास सूर्य जवळजवळ चार आठवडे उगवतच नाही! आणि गंमत म्हणजे तिथले कोळी लाकडी मांडवांवर मासे टांगून सुकवतात. आपल्याकडे बोंबील वाळत घालतात ना, अगदी तस्सेच!

आता बर्फ रंगवायचा कसा? पांढरा रंग फासून? छे! जलरंगांची जुनी रीत म्हणजे पांढरं हवं तिथे कागद कोराच सोडायचा. भोवतीची झाडं, आभाळ, सावल्या रंगवल्या की मधला बर्फ आपोआप दिसू लागतो. सावली मात्र काळी नको. मोकळ्या आभाळाचा निळा रंग बर्फावरच्या सावलीत उतरतो. आणि एकदा रंग लागला की पुन्हा कोरा कागद मिळत नाही. म्हणून आधी नीट बघायचं, मग ब्रश टेकवायचा.

चला तर रत्नदुर्गावर! तिन्ही बाजूंना समुद्र. एकीकडे मांडवीचा 'काळा समुद्र'. तिथल्या वाळूत इल्मेनाइट या खनिजाचे काळे कण असतात. दुसरीकडे मिऱ्याच्या बाजूला फिकट वाळूचा 'पांढरा समुद्र'. भर उन्हात ही वाळू डोळे दिपवते. हाच आपला बर्फ! तिथे कागद कोरा सोडा. जांभ्याच्या दगडासाठी तांबूस रंग घ्या, सुरूच्या सावलीत थोडा निळा मिसळा. दमट हवेत रंग लवकर वाळत नाही, घाई करू नका. तिकडे उत्तरेत तर कडाक्याच्या थंडीत ब्रशवरचं पाणीच गोठतं!

मात्र एक गोष्ट विसरू नका. पावसाळ्यात मिऱ्याचा किनारा समुद्र कुरतडत असतो, म्हणून तिथे मोठमोठे दगड टाकून बंधारे घालावे लागतात. तिकडे उत्तर ध्रुवाजवळचा प्रदेशही बाकीच्या जगापेक्षा वेगाने तापतो आहे, बर्फाचे दिवस कमी होताहेत. तिथला बर्फ काय, इथली वाळू काय, दोन्ही कायमची राहतील असं धरून चालू नका.

म्हणून चित्र पुरं झालं की मागे जागेचं नाव आणि तारीख लिहा. पुढच्या वर्षी त्याच जागी उभे राहून नवं चित्र काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. किनारा केवढा सरकला, ते तुमच्याच चित्रात दिसेल. पावसाळ्यात मात्र लाटांपासून लांबच बसायचं, बरं का!